जाहिरातींवर चालणारं मराठी ॲप: आधी अँड्रॉइड की आयफोन?

गोव्यात बसून फुकट मराठी ॲप काढायचं आणि त्याचा खर्च जाहिरातींतून निघावा असं ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. ॲप फेरीबोटींच्या वेळांचं असो, चवथीला (गणेश चतुर्थीला) गणपतीवर टांगतात त्या माटोळीच्या फळांचं असो, की माझ्यासारखं जत्रा-कालोत्सवांच्या तिथींचं. स्टोअरवर खातं कसं उघडायचं, जाहिरातींचा कोड कुठे घालायचा, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो. माझं ॲप दोन्हींकडे आहे आणि दोन्हींकडून थोडेफार पैसे येतात. पण माझा कल एका बाजूला आहे, आणि तो का, हे सांगायचं तर जाहिरातींच्या नियमांत शिरावं लागेल.

आपल्याकडे शंभरातले नव्वदहून अधिक फोन अँड्रॉइडचे, मग विचार कसला करायचा, असं कुणीही म्हणेल. गोव्यात मात्र गणित थोडं वेगळं आहे. शिरगावच्या लईराईची जत्रा वैशाख शुद्ध पंचमीला, फातर्प्याची पौषात. इंग्रजी तारीख दर वर्षी बदलते. ती तारीख सगळ्यांत आधी कोण शोधतं? रजा टाकून विमानाचं तिकीट काढायचं असतं तो. म्हणजे आखातातला, ब्रिटनच्या स्विंडनमधला, लिस्बनमधला, बोटीवरचा तारवटी. या मंडळींच्या हातात बहुतेक वेळा आयफोन दिसतो, आणि ब्रिटनमध्ये दिसलेल्या एका जाहिरातीला भारतातल्या जाहिरातीपेक्षा कितीतरी जास्त दर मिळतो. त्यामुळे आयफोनला सरसकट बाजूला सारता येत नाही. तुमचे वाचक फक्त डिचोली-सत्तरीतले असतील तर हा परिच्छेद सोडून द्या, तुमचा निर्णय झालेलाच आहे.

आता नियम. ॲपलने जानेवारी २०१० मध्ये क्वाट्रो वायरलेस ही जाहिरात कंपनी विकत घेतली आणि एप्रिलमध्ये आयॲड ही ॲप्समध्ये जाहिराती दाखवणारी स्वतःची सेवा जाहीर केली. त्यात जाहिरातीच्या उत्पन्नातले ६० टक्के ॲप बनवणाऱ्याला मिळणार होते. गूगलने त्याच सुमारास ॲडमॉब ही मोबाइल जाहिरात कंपनी विकत घेण्याचा ७५ कोटी डॉलरचा व्यवहार पूर्ण केला. त्यानंतर जूनमध्ये ॲपलने डेव्हलपर कराराचं ३.३.९ हे कलम बदललं. जाहिरातीसाठी लागणारी वापराची माहिती फक्त ‘स्वतंत्र’ जाहिरात कंपनीलाच देता येईल, आणि जिचा मालक दुसरे मोबाइल किंवा मोबाइलची ऑपरेटिंग सिस्टीम बनवतो ती कंपनी स्वतंत्र धरली जाणार नाही, असा त्याचा अर्थ होता. नाव कुणाचंच घेतलं नव्हतं, पण नेम ॲडमॉबवर होता हे सगळ्यांना कळलं. ॲडमॉबचे संस्थापक ओमर हमोई यांनी उघड निषेध केला. सप्टेंबरमध्ये ॲपलने हे निर्बंध सैल केले. आणि ज्या आयॲडसाठी एवढा खटाटोप झाला, ती सेवा ३० जून २०१६ रोजी बंद पडली.

हे जुनं उकरून काढायचं कारण एवढंच की आजची रचना त्याच्या पुढची पायरी आहे. आयफोनवर आज दुसऱ्यांच्या ॲपमध्ये दाखवायला ॲपलची स्वतःची जाहिरात सेवाच नाही. तिच्या जाहिराती ॲप स्टोअरमध्ये आणि तिच्या न्यूज, स्टॉक्ससारख्या ॲप्समध्ये दिसतात. म्हणजे तुमच्या-माझ्या ॲपला पैसे मिळायचे ते ॲडमॉब, युनिटी, इनमोबी अशा बाहेरच्यांकडूनच. आणि एप्रिल २०२१ मध्ये आलेल्या आयओएस १४.५ या आयफोनच्या ऑपरेटिंग सिस्टीमपासून या बाहेरच्यांना जाहिरात नेमकी करण्यासाठी फोनचा जाहिरात क्रमांक (वेगवेगळ्या ॲप्समध्ये तोच फोन ओळखायची खूण) हवा असेल तर वापरणाऱ्याला आधी पॉपअप दाखवावा लागतो: हे ॲप इतर कंपन्यांच्या ॲप्स आणि वेबसाइट्सवर तुमचा माग काढणार, काढू द्यायचा का? शीर्षक ॲपलचं, बटणं ॲपलची. मधली एक ओळ तेवढी आपण लिहायची. होकार देणाऱ्याला बक्षीस देता येत नाही, नकार देणाऱ्याला अडवता येत नाही. हे दोन्ही नियम मला मान्य आहेत.

मला अडलं ते पुढे, आणि माझा निर्णय तिथेच झाला. ब्रिटन आणि युरोपातल्या वाचकाला जाहिरात दाखवायची तर तिथल्या कायद्याप्रमाणे वेगळी संमती घ्यावी लागते. गूगलने जानेवारी २०२४ पासून त्यासाठी मान्यताप्राप्त संमती-साधन सक्तीचं केलं आहे. त्यामुळे स्विंडनमधला माझा वाचक आयफोनवर ॲप पहिल्यांदा उघडायचा तेव्हा आधी ही संमतीची लांबलचक चौकट यायची: कोणकोणत्या कंपन्या माहिती वापरणार, कशासाठी, होकार की नकार. त्याने ती वाचून होकार दिला, की लगेच दुसरी चौकट: माग काढू द्यायचा का? प्रश्न तोच, भाषा वेगळी, आणि या वेळी सूर असा की आत्ताच दिलेल्या होकाराबद्दल माणसाला शंका यावी. पहिल्यात हो आणि दुसऱ्यात नाही म्हटलं तर पहिल्या होकाराचा जाहिरात क्रमांकापुरता काही उपयोग नाही. नकार एकदा पुरतो, होकार दोनदा द्यावा लागतो. आणि हे सगळं होईपर्यंत त्याला जी एक तारीख बघायची होती ती पडद्यावर आलेलीच नसायची.

ओळखीच्या एक आजी सुनेच्या आयफोनवर देवीच्या पालखीची तिथी बघत होत्या. भारतात फक्त दुसरी चौकट येते, तरी त्यांनी फोन माझ्यापुढे धरून विचारलं, “हें कितें रे बाबा? म्हजेर कोण नदर दवरता?” मी समजावलं, त्यांनी मान डोलावली आणि नकाराचं बटण दाबलं. अगदी योग्य केलं त्यांनी. पण त्यांच्या मनात राहिलं ते एवढंच, की जत्रेचं ॲप नजर ठेवतं. अशा ॲपची सगळी पुंजी विश्वासाची असते. देवळाच्या कमिटीकडून तारीख पडताळून घेऊन मी ती टाकतो, आणि पहिल्याच पडद्यावर माझ्या नावापुढे ‘माग’ हा शब्द यायचा.

दोन चौकटींबद्दलची ही तक्रार माझ्या एकट्याची असती तर मी ती एवढी लांबवली नसती. फ्रान्सच्या स्पर्धा प्राधिकरणाने ३१ मार्च २०२५ रोजी ॲपलला १५ कोटी युरो दंड केला, तो याच मुद्द्यावर. गोपनीयता जपण्याच्या उद्देशाला त्यांनी दोष दिला नाही. ज्या पद्धतीने तो राबवला ती आवश्यकही नाही आणि प्रमाणातही नाही, असं म्हटलं. एकदा नकार आणि दोनदा होकार हा असमतोल त्यांनी नेमका दाखवला. दुसरा असमतोल ॲपलच्या स्वतःच्या जाहिरातींबाबतचा: तिथे सुरुवातीला विचारलंच जात नव्हतं, आणि आयओएस १५ पासून एकच चौकट येते, तीही सौम्य भाषेत. ॲपलच्या व्याख्येप्रमाणे स्वतःच्याच सेवांमधली माहिती वापरणं म्हणजे माग काढणं नव्हे. प्राधिकरणाने आणखी एक गोष्ट नोंदवली, जी आपल्यासारख्यांनी लक्षात ठेवावी: याचा त्रास छोट्या प्रकाशकांना जास्त झाला, कारण त्यांच्याकडे स्वतःची माहिती नसते, ते बाहेरच्यांवरच अवलंबून असतात. फेसबुकवाल्या मेटाने ॲपलच्या या पॉपअपमुळे २०२२ मध्ये सुमारे १० अब्ज डॉलरचा फटका बसेल असं सांगितलं होतं आणि ती कंपनी त्यातून सावरली. तिच्याकडे लोकांची लॉगिन आहेत. जत्रांच्या ॲपमध्ये कोण लॉगिन करणार?

जत्रेच्या फेरीत, म्हणजे बाजारात, दुकानांच्या जागा वाटणाऱ्यानेच स्वतःचं खाज्याचं दुकान मांडलं, तर जागा कितीही नीट वाटल्या असल्या तरी बाकीचे खाजेकार अस्वस्थ होणारच. माझं म्हणणं एवढंच आहे.

अँड्रॉइडकडे वळताना गूगलला झुकतं माप देऊ नये, कारण तिथे तर जागा वाटणाऱ्याचं दुकान फेरीतलं सगळ्यांत मोठं आहे. ॲडमॉब त्यांचंच. मार्च २०१३ मध्ये त्यांनी जाहिराती अडवणारी ॲप्स प्ले स्टोअरमधून काढली होती. अँड्रॉइडबाबत आपल्या स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये १३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. वेबवरच्या जाहिरात तंत्रज्ञानात त्यांनी बेकायदा मक्तेदारी राखली असा निकाल अमेरिकेच्या न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये दिला. गोपनीयतेच्या बाबतीतही अँड्रॉइड मागे आहे हे मान्य करायला हवं. जाहिरात क्रमांक आधीपासून चालू असतो. तो काढून टाकायचा तर सेटिंग्जमध्ये शिरून शोधावा लागतो, आणि फार थोडे लोक तिथवर जातात. ॲप्सचा माग कमी करणारी प्रायव्हसी सँडबॉक्स ही योजना २०२२ मध्ये मोठ्या घोषणेने आली आणि २०२५ मध्ये गुंडाळली गेली. तुमच्यासाठी वाचकाची गोपनीयता हा पहिला निकष असेल तर आयफोन सरस आहे. त्यावर मी वाद घालणार नाही.

तरीही अँड्रॉइडवर काम करताना मला मोकळं वाटतं. स्विंडनच्या वाचकाला तिथे संमतीची एकच चौकट दिसते, आणि त्यात तो जे म्हणेल ते शेवटचं असतं. भारतातल्या वाचकाला थेट तिथी दिसते. ॲडमॉबच्या जोडीला दुसऱ्या कंपन्या मेडिएशनमधून (एकाच जागेसाठी अनेक जाहिरात कंपन्यांना बोली लावू देणाऱ्या सोयीतून) जोडता येतात. ही सोय आयफोनवरही आहे, पण जाहिरात क्रमांकच हाती नसला की त्या कंपन्यांची बोली जोर धरत नाही असा माझा अनुभव आहे. मोजमाप करून सांगत नाही. चवथीच्या आधीच्या दिवसांत, जेव्हा सगळं गोवं माटोळीच्या बाजारात असतं, तेव्हा अँड्रॉइडवरच्या जाहिराती मिठाई, कपडे, सोनं यांच्या दिसतात आणि आयफोनवर त्याच वेळी कुठलातरी परदेशी गेम दिसतो. वाचकांनी पाठवलेल्या स्क्रीनशॉटवरून बांधलेला हा अंदाज आहे, तुमच्या ॲपला वेगळं दिसू शकेल.

जाता जाता एक सूचना, जी दोन्हीकडे लागू आहे. जाहिरात कंपनी निवडताना नको असलेले प्रकार बंद करण्याची सोय आधी तपासा. मी जोडलेल्या एका कंपनीकडून ऐन जत्रेच्या पानावर पत्त्यांच्या जुगाराची जाहिरात आली. तिला त्याच दिवशी काढलं. देवाच्या पानावर काय दिसावं यावर आपला ताबा हवाच, भले चार पैसे कमी मिळोत.

पैशांचं थोडक्यात. एकाच ॲडमॉब खात्यात दोन्ही ॲप्स राहतात आणि १०० डॉलर साठले की पुढच्या महिन्याच्या २१ ते २६ तारखांच्या दरम्यान ते बँकेकडे निघतात, त्यामुळे त्यात डावं-उजवं नाही. फरक पडतो फीमध्ये. प्ले स्टोअरला २५ डॉलर एकदाच, ॲपलला ९९ डॉलर दर वर्षी. लहान ॲपला ही दर वर्षीची रक्कम जाणवते, आणि जाहिरातीवर जगायचं असेल तर जास्तच.

मी शेवटी जी व्यवस्था लावली ती अशी: अँड्रॉइडवर नेहमीच्या जाहिराती. आयफोनवर ॲपलचा पॉपअप दाखवतच नाही. जाहिरात क्रमांक मागितला नाही, वाचकाला इतर कंपन्यांच्या माहितीशी जोडलं नाही, तर तो दाखवण्याची सक्ती नाही. मग तिथे व्यक्तीनुसार न ठरणाऱ्या जाहिराती येतात, दर उतरतो, पण ‘माग’ हा शब्द माझ्या ॲपवर उमटत नाही. शिवाय तिथे एकदाच थोडे पैसे भरून जाहिराती कायमच्या बंद करण्याची सोय ठेवली आहे. परदेशातली गोंयकार मंडळी ती आनंदाने घेतात. दोन्ही स्टोअर्स लहान डेव्हलपरकडून १५ टक्के कापतात, ते चालतं. तुमचं ॲप मुळातच विकत देण्यासारखं असेल, म्हणजे नाट्यसंगीत शिकवणारं किंवा लहान मुलांचं, तर माझं हे सगळं बाजूला ठेवा आणि आयफोनपासून सुरुवात करायला हरकत नाही. तिथे लोक पैसे देतात आणि जाहिरातींच्या भानगडीत पडावं लागत नाही.

पण फुकट आणि जाहिरातींवर चालणारं असेल, तर मी आधी अँड्रॉइडच म्हणेन. फक्त एक ध्यानात ठेवा: नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक प्ले खात्याला ॲप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. चवथीला ॲप लोकांच्या हाती हवं असेल तर ते बारा जण आषाढातच गोळा करा, आणि त्यांतला एकतरी परदेशात राहणारा असू द्या, म्हणजे संमतीची चौकट त्याच्या फोनवर कशी दिसते ते तुम्हाला आधीच कळेल.