मदत कुणासाठी: स्वतःसाठी की दुसऱ्यासाठी?

एक बाजू म्हणते, माणूस जे करतो ते स्वतःसाठीच. मदत केली? मनाला बरं वाटावं म्हणून. जीव दिला? नावासाठी. बिनतोड वाटतं खरं, पण मला तिथेच गोम दिसते: कशानेच खोटं न पडणारं म्हणणं सांगतं तरी काय?

दुसरी बाजू म्हणते, माणूस कधी कधी खरंच दुसऱ्यासाठी करतो. ती निदान तपासता येते. १९८१ साली मानसशास्त्रज्ञ डॅनियल बॅटसन आणि सहकाऱ्यांनी प्रयोग केला. समोरच्या पडद्यावर एका बाईला विजेचे झटके बसताहेत (खोटेच, पण पाहणाऱ्याला ते ठाऊक नाही). काहींना उठून जायची मोकळीक होती. स्वतःची अस्वस्थताच टाळायची असती, तर निघून जाणं सोपं होतं. तरी त्यांच्यातलेही तिच्याविषयी कळवळा वाटलेले बहुतेक जण तिच्या जागी झटके घ्यायला तयार झाले.

मदतीतून समाधान मिळतंच की! पण आधी दुसऱ्याची काळजी असते, म्हणून ते मिळतं. व्यवहारात, घासाघीस करताना वगैरे, पहिल्या बाजूचं बरंचसं पटतं.