ल्युक्रिशिया मॉट यांच्या निमित्ताने पाहिलेले सेनेका फॉल्स

न्यूयॉर्क राज्यातील ‘विमेन्स राइट्स नॅशनल हिस्टॉरिकल पार्क’ नावाने उद्यान असले, तरी प्रत्यक्षात ती सेनेका फॉल्स आणि शेजारचे वॉटरलू या दोन गावांत विखुरलेली काही जुनी घरे, एक प्रार्थनागृह आणि एक माहिती केंद्र आहे. प्रवेशशुल्क नाही. 1848 मध्ये येथे स्त्रियांच्या हक्कांसाठी परिषद भरली होती आणि तिच्या संदर्भात स्त्रीहक्कांच्या पुरस्कर्त्या एलिझाबेथ केडी स्टँटन यांचे नाव प्रथम घेतले जाते. मला मात्र क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या धर्मोपदेशिका ल्युक्रिशिया मॉट यांचा धागा धरून ही स्थळे पाहणे अधिक अर्थपूर्ण वाटले.

माहिती केंद्रात शिरताच ब्राँझचे पूर्णाकृती पुतळे चौथऱ्याविना, थेट जमिनीवर उभे दिसतात. त्यांत मॉट, त्यांचे पती जेम्स, गुलामगिरीतून सुटून तिच्याविरुद्ध लढणारे कृष्णवर्णीय नेते फ्रेडरिक डग्लस आणि मॉट यांची गरोदर बहीण मार्था राइटही आहेत. ज्या मॉट यांनी 1833 मध्ये फिलाडेल्फियातील स्त्रियांची गुलामगिरीविरोधी संस्था उभारण्यात पुढाकार घेतला, गुलामांच्या श्रमातून आलेला कापूस आणि साखर वर्ज्य केली, त्यांनाच 1840 च्या लंडनमधील जागतिक गुलामगिरीविरोधी परिषदेत केवळ स्त्री म्हणून प्रतिनिधीचे आसन नाकारण्यात आले. तेथेच त्यांची स्टँटन यांच्याशी ओळख झाली. (अमेरिकेतील याच गुलाममुक्तीच्या कार्याबद्दल जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ तेथील सदाचारी लोकांना अर्पण केली, हे मराठी वाचकाला येथे आठवल्यावाचून राहत नाही.)

सेनेका फॉल्समधील वेस्लियन चॅपेल या प्रार्थनागृहात 19 आणि 20 जुलै 1848 रोजी ती परिषद भरली आणि स्त्रियांच्या हक्कांच्या जाहीरनाम्यावर 68 स्त्रिया व 32 पुरुषांनी सह्या केल्या. मताधिकाराच्या मागणीने आपले हसे होईल, अशी धास्ती खुद्द मॉट यांना होती; डग्लस यांनी त्या ठरावाची बाजू उचलून धरली. पुढे या वास्तूत ऑपेरागृह, मोटारींचे गॅरेज आणि लाँड्रीही होऊन गेली. जुन्या विटांचे जे अवशेष उरले, ते सांभाळून केलेली आजची साधी पुनर्बांधणी मला पसंत पडली.

वॉटरलूची घरे मात्र चुकवू नयेत. 9 जुलैला जेन हंट यांच्याकडे चहाला जमलेल्या पाच जणींनी परिषद भरवण्याचे ठरवले आणि जाहीरनाम्याचा मसुदा मॅक्लिंटॉक कुटुंबाच्या घरी तयार झाला. ज्या टेबलावर तो लिहिला गेला ते आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे, याची थोडी चुटपुट लागते. घरे ठरावीक काळातच उघडी असतात आणि स्वतःचे वाहन असल्यास बरे पडते. म्हणून वेळा आधी विचारून घ्याव्यात आणि शक्य असेल तर सुरुवात वॉटरलूपासून करावी.