माथेरानचे गर्दी नसलेले पॉइंट

माथेरानला बहुतेक लोक इको पॉइंट, शार्लोट लेक बघून मार्केटमध्ये परत फिरतात, पण खरं माथेरान बघायचं तर गार्बेट पॉइंटला जाच. मार्केटपासून बराच लांब आहे, वाट सगळी झाडीतून आणि लाल मातीची, आणि एकदम जंगल संपून कडा येतो, समोर खाली अख्खं उल्हास नदीचं खोरं पसरलेलं, पावसाळा संपता संपता गेलात तर सगळं हिरवंगार, मी तर तिथून हलायलाच तयार नव्हतो.

वन ट्री हिल पण मस्त, मुख्य कड्यापासून सुटलेली छोटीशी टेकडी, तिथूनच शिवाजी लॅडरची वाट खाली उतरते. पावसात ती उतरायला जाऊ नका प्लीज, दगड फार निसरडे होतात. रामबाग पॉइंट ठीक, वाटेत असेल तर करा.

दस्तुरी नाक्याच्या पुढे खासगी गाड्या बंद, त्यामुळे हे पॉइंट चालत किंवा घोड्यावर. चालतच जा, शूज चांगल्या ग्रिपचे घाला, पांढरे तर अजिबात नकोत. पाणी सोबत घ्या आणि खाण्याची पिशवी हातात धरू नका, माकडं सरळ ओढून नेतात.