सोया वडी: मटण सोडणाऱ्यांच्या कढईत ती किती टिकते?

मटण-कोंबडी सोडायचं ठरलं की घरात पहिल्यांदा जे पाकीट येतं ते सोया वड्यांचं. दोन आठवड्यांनी तेच पाकीट अर्धं उरलेलं, रबरबँड लावून फळीवर मागे सरकवलेलं दिसतं. दोष बहुतेक वेळा वडीचा नसतो. ती मटणासारखी शिजवलेली असते, आणि मटणाशी तिचं साम्य फक्त चावण्यापुरतं आहे. शिजण्याचा स्वभाव अगदी उलटा.

हे समजायला वडी बनते कशी ते पाहावं लागतं. सोयाबीनमधलं तेल काढून घेतल्यावर जे पीठ उरतं त्यात पाणी मिसळून ते यंत्रात उष्णतेने आणि दाबाने रेटलं जातं. छिद्रातून बाहेर पडताना दाब एकदम सुटतो, वाफ निसटते आणि वडी पोंग्यासारखी फुगते. आतून ती जाळीदार होते ती यामुळेच. म्हणजे पाकिटातली वडी आधीच शिजलेली असते. मटण तासभर शिजवलं की त्यातला चिवटपणा विरघळतो आणि तुकडा मऊ होतो. वडीत विरघळण्यासारखं काही नाही. ती जितकी जास्त उकळावी तितकी पाणी पिऊन भिजलेल्या स्पंजसारखी लिबलिबीत होते. कुकरच्या तीन शिट्ट्या हा तिच्यावर होणारा सगळ्यात मोठा अन्याय.

प्रथिनांच्या हिशेबात मात्र ती खणखणीत आहे. १०० ग्रॅम कोरड्या वडीत साधारण ५२ ग्रॅम प्रथिनं आणि जेमतेम अर्धा ग्रॅम स्निग्धांश. पाकिटावरचा हा आकडा वाचून फसायला होतं, कारण कोरडी वडी कोणी खात नाही. भिजवून पिळल्यावर १०० ग्रॅमचे जवळजवळ ३०० ग्रॅम होतात, म्हणजे ताटातल्या १०० ग्रॅम वडीत सुमारे १७ ग्रॅम प्रथिनं. पनीरच्या जवळपास, कच्च्या चिकनपेक्षा थोडी कमी, आणि किमतीला दोन्हींपेक्षा कितीतरी स्वस्त. या एका बाबतीत तिच्या तोडीचं किराणा दुकानात फारसं काही मिळत नाही.

घेताना तीन आकार दिसतात: मोठी वडी, मिनी आणि चुरा, म्हणजे ग्रॅन्युल्स. नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी मोठी वडी घेऊ नये. तिच्या गाभ्यापर्यंत मीठ-मसाला पोचायला वेळ लागतो, आणि पहिलाच घास आतून फिका लागला की मन उडतं. रश्शासाठी मिनी, खिम्यासाठी चुरा. घटकांच्या यादीत तेल काढलेलं सोया पीठ एवढंच असावं. सुटी वडी घेत असाल तर एक मोडून पाहा. कटकन तुटली तर कोरडी आहे, वाकून मग तुटली तर ओल धरलेली आहे. रंग फिका पिवळसर हवा. करपट तपकिरी वड्या जास्त असतील तर कडवट चव रश्शात उतरते.

आता पूर्वतयारी, कारण निम्मी लढाई इथेच जिंकली किंवा हरली जाते. १०० ग्रॅम मिनी वडीला एक लिटर पाणी घ्या, एक चमचा मीठ घालून खळखळ उकळा, वडी टाका आणि ४ मिनिटांत गॅस बंद करा. मोठी असेल तर ७ मिनिटं. चुऱ्याला उकळायची गरजच नाही, गरम पाण्यात ५ मिनिटं झाकून ठेवला की पुरे. मग चाळणीत ओतून वरून गार पाणी घाला आणि मूठभर-मूठभर घेऊन घट्ट पिळा. पुन्हा पाण्यात सोडा, पुन्हा पिळा. पहिल्या पिळण्यात गढूळ, फेसाळ पाणी निघतं. सोयाबीनचा तो हिरवट, कच्च्या शेंगेसारखा वास आणि पोटात वायू धरणाऱ्या शर्करांचा काही भाग त्याच पाण्याबरोबर जातो. पाणी स्वच्छ दिसेपर्यंत, साधारण तीन वेळा, हे करायचं. कंटाळा करून एकदाच पिळलं तर जाळीत फिकं पाणी भरलेलं राहतं आणि मसाल्याला आत शिरायला जागाच उरत नाही. 'वडीला चव लागत नाही' या तक्रारीचं मूळ दहापैकी नऊ वेळा इथे असतं.

पिळलेल्या वडीला एक मोठा चमचा घट्ट दही, एक चमचा आलं-लसूण, अर्धा चमचा हळद, पाऊण चमचा मीठ आणि अर्धं लिंबू चोळून अर्धा तास ठेवा. मग दोन मोठे चमचे तेलात, पसरट कढईत, कडा तांबूस होईपर्यंत ५-६ मिनिटं परता. ही परतणी गाळू नये. भाजल्याचा खमंगपणा वडीत स्वतःहून येणार नाही, तो तव्यावर आणावा लागतो. कढईत गर्दी केली तर वडी परतली जाण्याऐवजी वाफवली जाते, म्हणून दोन घाणे काढा.

आणि रस्सा. मटण सोडणारे खरे अडतात ते इथे. कोल्हापुरी तांबड्या रश्शाचा जीव अळणी पाण्यात असतो, हाडं आणि चरबी उकळून त्यात उतरलेल्या चवीत. वडी रश्शाला काहीच देत नाही, उलट रश्शातलंच शोषून घेते. त्यामुळे रस्सा वडीशिवायही पिता येईल इतका पूर्ण झाला पाहिजे, मगच ती आत सोडायची. अळणीच्या जागी सगळ्यात चांगलं काम करतं ते कुळथाचं कढण: अर्धी वाटी कुळीथ रात्रभर भिजवून, चार वाट्या पाण्यात कुकरला सहा शिट्ट्या, मग गाळून घ्यायचं. तपकिरी, किंचित मातकट, अंगात भरणारं हे पाणी साध्या पाण्याच्या जागी घातलं की रश्शाला बूड येतं. उरलेल्या कुळथाची उसळ होते. कटाच्या आमटीसाठी काढतात तसा हरभऱ्याच्या डाळीचा कटही चालतो, पण तो गोडसर लागतो, तिखटाचा हात वाढवावा लागतो.

चार माणसांच्या वाटणाला दोन मोठे कांदे थेट आचेवर काळसर भाजलेले, अर्धी वाटी सुकं खोबरं, आठ-दहा लसूण पाकळ्या, इंचभर आलं, एकेक चमचा तीळ आणि खसखस, थोडं दगडफूल. वाटण तीन मोठे चमचे तेलात, दोन चमचे कांदा-लसूण मसाला घालून, कडेने तेल सुटेपर्यंत परता. मटणाची स्वतःची चरबी वर तरंगते, वडीत स्निग्धांश नसल्यामुळे तर्री पूर्णपणे तुमच्या तेलावर आणि परतण्याच्या धीरावर अवलंबून असते. 'शाकाहारी करायचंय तर हलकं करू' म्हणून तेल निम्मं केलं की रस्सा पाणचट होतो आणि दोष वडीवर येतो. कढण घालून उकळी आली की वडी टाका, मंद आचेवर १० मिनिटं, मग झाकून अर्धा तास तसंच. मुरल्याशिवाय वाढू नका. मीठ मात्र मुरल्यावर पुन्हा चाखा, वडी ते ओढून घेते.

इतकं करूनही प्रामाणिकपणे सांगायचं तर मटणाच्या फोडीची बरोबरी ती करत नाही. धाग्याधाग्याने सुटणारा तुकडा, हाडाजवळचा मऊपणा, यातलं काही तिच्यात नाही. खिम्यात मात्र ती बाजी मारते. चुरा १०० ग्रॅम, बारीक चिरलेले तीन कांदे, दोन टोमॅटो, एक वाटी मटार, तीन मोठे चमचे तेल. चुरा चाळणीतून निसटतो, म्हणून पातळ फडक्यात बांधून पिळायचा, आणि मसाल्यात घालण्याआधी कोरड्या कढईत दाणा-दाणा मोकळा होईपर्यंत परतायचा. ओला तसाच घातला तर उपम्यासारखा गोळा होतो. पावाबरोबर वाढलेला हा खिमा न सांगता अनेकांना ओळखू येत नाही. सोया वडीला गुण द्यायचे तर खिम्याला दहापैकी साडेआठ, रश्शाला साडेसहा, बिर्याणीला पाच. बिर्याणीत ती दमावर ठेवली की भाताचं पाणी पिते, आणि भात कोरडा, वडी ओली असा उलटा खेळ होतो.

रश्श्याची ओढ भागवायला आपल्याकडे वडीपेक्षा जुने आणि चवीला सरस पदार्थ आहेत, हे विसरू नये. मालवणी काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि वडे हा श्रावणातला बेत मटणाच्याच वाटणावर उभा असतो. नागपूरकडे सावजी मसाल्यातली पाटवडी आहे. कोकणात फणसाची कुयरी, म्हणजे अगदी कोवळा फणस, आहे, आणि धाग्याच्या बाबतीत ती वडीपेक्षा मटणाच्या जास्त जवळ जाते. गोव्यात पावसाळ्यातल्या अळंब्यांचं शाकुती आहे. फक्त एक लक्षात ठेवा: कुयरीत आणि अळंबीत प्रथिनं १०० ग्रॅमला दोन-तीन ग्रॅमच. जिभेसाठी ती उत्तम, पण मटणाची जागा भरल्याचं समाधान मानून डाळ-उसळ कमी करू नका.

फ्रोजन 'वनस्पतीजन्य मांस' हा वेगळा कप्पा. रितेश आणि जेनेलिया देशमुख यांनी २०२१ साली आणलेल्या 'इमॅजिन मीट्स'मुळे तो मराठी घरांत माहीत झाला. या प्रकारच्या कबाब-नगेट्सचा पोत साध्या वडीपेक्षा बराच पुढे आहे, पण किंमत कित्येक पटींनी जास्त आणि मीठही बरंच. पाहुण्यांसाठी किंवा फार आठवण आली तर ठीक, रोजच्या डब्याला वडी आणि कडधान्यंच परवडतात.

रोज किती खावी? राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे ६५ किलोच्या पुरुषाला दिवसाला ५४ ग्रॅम प्रथिनं लागतात. दोन ज्वारीच्या भाकरींतून १०, वाटीभर वरणातून ७, वाटीभर उसळीतून ७, दह्यातून ५, पेलाभर दुधातून ६, मूठभर शेंगदाण्यांतून ७ अशी बेचाळीसच्या आसपास जातात. उरलेल्या बारा ग्रॅमसाठी २५ ग्रॅम कोरडी वडी पुरते. म्हणजे वाटीभर वडी रोज खायची गरज नाही, आणि सवय नसताना खाल्ली तर पोट फुगतं. पहिले दोन आठवडे दिवसाआड २०-२५ ग्रॅम एवढंच ठेवा.

वडीच्या पाकिटावर लोहाचा आकडा मोठा छापलेला असतो, पण धान्या-कडधान्यांतलं लोह अंगी लागतं कमी. वर लिंबू पिळा, जेवणानंतर तासभर चहा टाळा. बी-१२ मात्र वडीत नाहीच, कोणत्याच कडधान्यात नाही. दूध-दही रोज असेल तर काही भाग भरून निघतो. अंडीही सोडत असाल तर डॉक्टरांना विचारून गोळी आणि वर्षातून एकदा रक्ततपासणी करा. यकृतात साठा असल्यामुळे कमतरता दोन-तीन वर्षांनी दिसू लागते, तोवर 'काही त्रास नाही' असं वाटत राहतं. मासे सोडणाऱ्यांनी ओमेगा-३ साठी जवसाची चटणी ताटात आणावी. थायरॉइडची गोळी चालू असेल तर वडीचं जेवण गोळीपासून चार तास लांब ठेवा, सोयामुळे ती नीट शोषली जात नाही. सोयाची ॲलर्जी असणाऱ्यांनी अर्थातच या वाटेला जाऊ नये.

भिजवून पिळलेली वडी फ्रीजमध्ये दोन दिवस नीट राहते, तिसऱ्या दिवशी चिकट होते. म्हणून रविवारी आठवड्याची भिजवून ठेवण्यापेक्षा दही-आलं-लसूण चोळून, परतून, गार करून छोट्या डब्यांत फ्रीजरमध्ये टाका. संध्याकाळी कामावरून आल्यावर कढण घातलेल्या रश्शाला उकळी आली की ती थेट त्यात सोडता येते, आणि मुरायला लागणारा अर्धा तास भाकऱ्या थापण्यात निघून जातो.