काझाल गार्सिया: माशावर लिंबू पिळावे तशी वाइन

पोर्तुगालच्या वायव्य कोपऱ्यात, मिन्यु नदीपासून दक्षिणेकडे पसरलेल्या पावसाळी आणि ग्रॅनाइटच्या प्रदेशात जी वाइन होते, तिला ‘विन्यु व्हेर्द’ म्हणतात. नावाचा शब्दशः अर्थ ‘हिरवी वाइन’ असला, तरी हिरवेपणा रंगातला नसून कोवळेपणातला आहे. या प्रदेशाची सीमा १९०८ साली अधिकृतपणे आखली गेली. पेनाफिएल येथील अव्हेलेदा या उत्पादकाने १९३९ मध्ये बाजारात आणलेली ‘काझाल गार्सिया’ ही त्यातली बहुधा सर्वांत ओळखीची बाटली होय. निळ्या लेसच्या नक्षीचे तिचे लेबल दुकानात लांबूनही ओळखू येते.

पेल्यात ओतल्यावर फिकट, जवळजवळ पाण्यासारखा रंग दिसतो आणि काचेला बारीक बुडबुडे चिकटतात. पूर्वी हा वायू बाटलीतच होणाऱ्या आंबण्यातून तयार होई. आता तो बहुधा बाटली भरतानाच मिसळला जातो. जाणकार त्यावरून नाक मुरडतात. मला मात्र जिभेच्या टोकावरची ती चुणचुण हवीशी वाटते. लिंबाची साल, कच्चे सफरचंद, अगदी पुसटसा गोडवा, आणि मद्यार्काचे प्रमाण जेमतेम साडेनऊ टक्क्यांच्या आसपास: नुसतीच घोट घोट पीत तिचे पदर उलगडायला बसलात, तर दुसऱ्या पेल्यापर्यंत सांगण्यासारखे काही उरत नाही. ताटात मासा आला की मात्र चित्र पालटते.

पोर्तोला लागून असलेल्या मातोझिन्युश या बंदरगावात रस्त्याच्या कडेलाच निखाऱ्यांवर सार्डिन भाजतात. आपल्या तारलीचा हा भाऊबंद जाड मिठात घोळून शेगडीवर ठेवला की त्याची चरबी निखाऱ्यावर ठिबकते आणि धूर थेट टेबलापर्यंत येतो. दोन घासांनंतर टाळूवर जो तेलकट थर बसतो, तो या वाइनच्या एका घोटाने धुऊन निघतो आणि तिसरा घास पहिल्याइतकाच चवदार लागतो. तळलेल्या बोंबलावर आपण लिंबू पिळतो ते ज्या कारणासाठी, नेमके तेच काम ही वाइन करते.

त्याहूनही सरस जोडी तिसऱ्यांच्या जातीच्या शिंपल्यांची. ऑलिव्ह तेलात लसूण परतून, शिंपले उघडेपर्यंत वाफवून, वर मूठभर कोथिंबीर आणि लिंबू घालतात. बुल्यांव पातु या कवीच्या नावाने हा पदार्थ ओळखला जातो. युरोपात अन्यत्र सहसा न दिसणारी कोथिंबीर पोर्तुगीज स्वयंपाकघरात सढळ हाताने वापरतात, त्यामुळे मराठी माणसाला पहिल्याच वासाला घरी आल्यासारखे वाटते. तळाशी उरलेला खारट रस पावाने पुसून खायचा आणि मगच पेला उचलायचा. ‘पाव’ हा शब्दही आपल्याकडे त्यांच्याकडूनच आलेला.

मर्यादाही सांगायला हव्यात. खारवलेला कॉड, बटाट्याच्या काड्या आणि अंडे एकत्र करून केलेल्या ‘बाकाल्याव आ ब्राश’समोर ही वाइन पातळ पडते. तिथे त्याच प्रदेशाच्या उत्तर टोकाची, मोंसांव आणि मेलगासु भागातली, आल्व्हारिन्यु द्राक्षाची अंगाने भरीव बाटली घ्यावी, भले पैसे जास्त पडोत. गोव्याच्या जेवणातही निवड करावी लागते. नारळाच्या रसातले सौम्य कालदीन तिच्याबरोबर सुरेख जाते, परंतु व्हिनेगरमध्ये वाटलेला रेशाद मसाला भरलेल्या बांगड्याबरोबर आंबटावर आंबट होऊन दोन्ही चवी बिघडतात.

बाटली चांगली गार, आठ-दहा अंशांवर असावी. एका उपाहारगृहात मला विन्यु व्हेर्द कोमट मिळाली होती आणि बुडबुडे विरलेली ती वाइन साखर कमी पडलेल्या सरबतासारखी लागली. शिवाय काझाल गार्सियाच्या लेबलवर द्राक्षांच्या हंगामाचे साल नसते, त्यामुळे पोर्तुगालबाहेर घेताना धूळ बसलेली बाटली टाळून, ज्या दुकानात माल लवकर खपतो तिथूनच ती घ्यावी आणि मुरवत न ठेवता त्याच आठवड्यात मासळी आणून उघडावी.