अमोनियासाठी लोखंड की रुथेनियम? आधी पृष्ठभागावरची गर्दी पाहा

अमोनियाचा छोटा रिअ‍ॅक्टर उभारताना उत्प्रेरक लोखंडाचा घ्यायचा की रुथेनियम या महाग धातूचा, हा प्रश्न किमतीपाशी सुटत नाही. धातूच्या पृष्ठभागावरची जागा कोण अडवतंय, ते आधी बघायला हवं.

अमोनिया बनतो नायट्रोजन आणि हायड्रोजनपासून, आणि त्यासाठी दोघांचेही रेणू आधी फुटावे लागतात. हायड्रोजन दोन्ही धातूंवर सहज फुटतो. अडतं ते नायट्रोजनपाशी. त्याचा तिहेरी बंध मोलमागे 945 किलोज्यूलचा, आणि तो पृष्ठभागावर तुटणं हीच सगळ्यात संथ पायरी. लोखंडाच्या एकेका स्फटिकपृष्ठावर ही पायरी जर्मन रसायनशास्त्रज्ञ गेरहार्ड एर्ट्ल यांनी तपासली. स्फटिक कुठल्या दिशेने कापला ते सांगणाऱ्या आकड्यांत (111) हा मोकळ्या रचनेचा पृष्ठ घट्ट रचलेल्या (110) पेक्षा कितीतरी चपळ निघाला. पृष्ठभागावरच्या रसायनशास्त्रातल्या अशा कामासाठी त्यांना 2007 चं नोबेल मिळालं. पोटॅशियम शेजारी असलं की नायट्रोजन अधिक घट्ट धरला जातो आणि लवकर फुटतो. मॅग्नेटाइट या लोहखनिजात थोडी अ‍ॅल्युमिना (अ‍ॅल्युमिनियमचं ऑक्साइड) आणि पोटॅश (पोटॅशियमचा क्षार), ही 1913 मध्ये जर्मनीतल्या ओपाऊच्या कारखान्यात वापरात आलेली कृती आजही मुळात तीच आहे. मला तिच्याबद्दल मनापासून आदर वाटतो.

रुथेनियमची तऱ्हा वेगळी. त्याचा सपाट पृष्ठ जवळपास निकामी, सगळं काम अणूंच्या पायऱ्यांच्या कडेला, म्हणजे जिथे अणूंचा एक थर संपून खालचा दिसू लागतो तिथे. 500 केल्विनला पायऱ्यांवर नायट्रोजन सपाटीपेक्षा किमान अब्ज पट वेगाने फुटतो, असं 1999 मध्ये दिसलं. चिमूटभर सोन्याने त्या पायऱ्या झाकल्या की काम थंडावतं. त्यामुळे इथे धातू किती घातला यापेक्षा कण किती मोठे घडले ते महत्त्वाचं.

रुथेनियम कमी दाबावर चालतं. 1992 मध्ये कॅनडातल्या किटिमॅटला ते कारखान्यात उतरलं, साधारण 90 बारला (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाएवढा दाब). पण हायड्रोजन त्याच्या जागा अडवून बसतो, म्हणून नायट्रोजनचं प्रमाण नेहमीच्या 1:3 पेक्षा वाढवावं लागतं. शिवाय रुथेनियमचे कण ज्यावर बसवलेत तो आधार कार्बनचा असेल तर तो हळूहळू मिथेन होऊन झिजतो. लोखंडाला त्रास देतो तयार झालेला अमोनिया. तो थंड करून काढत राहिलं की भागतं.

पाण्याची वाफ आणि ऑक्सिजन मात्र दोन्हीकडे नकोत. इलेक्ट्रोलायझरचा, म्हणजे विजेने पाणी फोडून मिळवलेला, हायड्रोजन नीट वाळवूनच आत सोडा.

माझा कौल असा: 100 बारच्या वर जाता येत असेल तर लोखंडच घ्या. तेवढा दाब परवडत नसेल तरच रुथेनियम, आणि घेण्याआधी एक चाचणी करा. तापमान आणि नायट्रोजनचा दाब तसाच ठेवून हायड्रोजनचा दाब वाढवा. वेग घसरला, तर तो नमुना तुमच्या मिश्रणात हायड्रोजनखालीच गुदमरणार.