अंबाडी आणि देशी गुलाबाची हिवाळी बिअर

थंडी सुरू झाली की इंदूरच्या विजयनगर भागातील एका छोट्या ब्रुअरीत अंबाडीची लालसर बिअर टॅपवर येते आणि घरच्या शेतातील बोंडे संपली की ती बंद होते. तिच्यात पडणाऱ्या देशी गुलाबाच्या पाकळ्याही त्याच शेतातील आहेत.

अंबाडीची भाजी आपल्याकडे घरोघरी होते. बिअरसाठी मात्र पान नव्हे, तर फूल गळून पडल्यावर बोंडाभोवती वाढणारी लाल, मांसल निदले वापरतात. त्यांतील अँथोसायनिन या रंगद्रव्यामुळे कोकम सरबताच्या जवळ जाणारा रंग येतो आणि त्यांच्यातच असलेल्या आम्लांमुळे स्वच्छ आंबटपणा उतरतो. बिअरला कडवटपणा देणारे हॉप्स म्हणजेही एका वेलीच्या मादी रोपांचे फुलोरेच. येथे त्यांचे प्रमाण मुद्दाम कमी ठेवल्यामुळे गव्हाच्या माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) गोडवा तोलण्याची जबाबदारी अंबाडीवर येते, आणि ती तिने उत्तम पेलली आहे. वर दाट, फिकट गुलाबी फेस धरतो. घोट घेतला की आधी आंबट चव लागते, मग भाजलेल्या पावाची आठवण करून देणारा माल्ट जाणवतो आणि शेवटी जीभ कोरडी, स्वच्छ राहते.

गुलाबाविषयी मात्र माझी तक्रार आहे. उकळत्या रसात त्याचा सुगंध उडून जातो, म्हणून पाकळ्या आंबवण संपल्यावर थंड टाकीत सोडल्या जातात, हे योग्यच आहे. पण यंदा त्यांचे प्रमाण वाढले असून ग्लास अर्धा होईपर्यंत गुलकंदाची चव तोंडात साचते आणि एवढ्या निगुतीने आणलेला आंबटपणा तिच्याखाली दबतो.

आणखी एक सूचना म्हणजे, ग्लास फ्रीजरमध्ये ठेवून देण्याची पद्धत या बिअरपुरती तरी सोडावी, कारण अतिथंड बिअरचा सुगंध कळतच नाही. आपण थोडे थांबून प्यावे. सोबत जिरावन हा इंदुरी मसाला आणि लिंबू घातलेले गरम गराडू, म्हणजे तळलेले कंदाचे तुकडे, मागवावेत. तळणीचा तुपकटपणा अंबाडी सहज कापते. गोड पदार्थ मात्र टाळावेत, त्यांच्यापुढे ही बिअर नुसती आंबट लागते.

किंमत तेथील साध्या गव्हाच्या बिअरपेक्षा थोडी जास्त आहे आणि ती मला रास्त वाटली. पुढील हंगामात त्यांनी एक टाकी गुलाबाशिवाय काढावी, असे मी त्यांना आवर्जून सुचवले आहे.